मार्माइट, मेथोट्रेक्सेट आणि परळ

१८ जून १९३१ रोजी नॉर्थ वेल्समधल्या रुथिन या गावी, एका नर्सिंग होममध्ये मेहेरबाई टाटा वारल्या. वय ५१. आजार ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. सर दोराबजी टाटांची ही पत्नी साडी नेसून टेनिस खेळायची, बालविवाहाच्या विरोधात व्याख्यानं द्यायची, आणि तिच्याकडे कोहिनूरच्या दुपटीहून वजनदार असा ज्युबिली हिरा होता. त्या काळी पैशानं जे काही मिळत होतं ते सगळं तिला मिळालं असणार. ल्युकेमियावर मात्र पैशानं मिळण्यासारखं काही नव्हतंच.

दोनच दिवसांनी, २० जूनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ल्युसी विल्स नावाच्या डॉक्टरबाईंचा एक लेख छापून आला. गरोदरपणात होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क कसा चालतो, असा त्याचा विषय. त्यामागचं काम मुख्यतः मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत झालं होतं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. एक मृत्यू श्रीमंताघरचा, परदेशातला. दुसरीकडे मुंबईतल्या अशा बायका, ज्यांचे मृत्यू कुठल्या वर्तमानपत्रात छापले जात नव्हते. पण विल्सबाईंना यीस्टच्या काळ्या अर्कात जे सापडलं होतं, त्याच्याच एका तोतयानं सोळा-सतरा वर्षांनी मुलांच्या ल्युकेमियाला पहिल्यांदा मागे रेटलं. आणि मेहेरबाईंच्या मृत्यूनंतर टाटांच्या पैशांतून जे हॉस्पिटल उभं राहिलं, ते हाफकिनपासून चालत काही मिनिटांवर आहे. मी लालबागला वाढले. आमच्या चाळीत 'त्यांना टाटाला नेलं' असं कुणी म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. पुढे कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायला लागले, फळ्यावर फॉलेटचं चक्र काढायला लागले, आणि ते चक्र आपल्या घराच्या मागच्या रस्त्यावरून गेलेलं आहे हे फार उशिरा कळलं.

तो रस्ता म्हणजे आचार्य दोंदे मार्ग आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा. केईएम, वाडियांची दोन हॉस्पिटलं (एक बाळंतिणींचं, एक मुलांचं), गुरांचा दवाखाना, टाटा, आणि या सगळ्यांच्या शेजारी झाडांत लपलेली हाफकिनची जुनी वास्तू. ही वास्तू एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांची कोठी होती. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा इथे आली आणि १९२५ साली तिला त्यांचं नाव दिलं गेलं. केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह दोन्ही १९२६चे. म्हणजे विल्स मुंबईत आल्या तेव्हा या हॉस्पिटलांच्या भिंतींचा रंगही जुना झाला नव्हता.

त्या आल्या १९२८ साली. ते वर्ष गिरणगावाला वेगळ्याच कारणासाठी आठवतं. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद, दीडेक लाख कामगार संपावर. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी की नाही यावर वाद चालू होता. डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले. १९२९ साली कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. तेव्हा बाळंतपणात बायका मरतात ही गोष्ट नुसती दैवाची न राहता सरकारी फाइलींत शिरू लागली होती. महिला वैद्यकीय सेवेतल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर मुंबईत मातामृत्यूंची चौकशी करत होत्या. मृत्यूंमध्ये एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय पुन्हा पुन्हा दिसत होता. त्याचा छडा लावायला त्यांनी विल्सना बोलावून घेतलं.

विल्स तेव्हा चाळिशीच्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग लंडनच्या बायकांच्या मेडिकल स्कूलमधून डॉक्टर झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं, पुढेही केलं नाही.

हा रक्तक्षय म्हणजे नेहमीची 'अंगात रक्त नाही' ही तक्रार नव्हे. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलटं होतं. पेशी संख्येनं अगदी कमी, पण प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी. हाडांच्या मगजात डोकावलं तर आणखी मोठ्या, अर्धवट पिकलेल्या पेशींची गर्दी. चित्र हुबेहूब 'पर्निशस अ‍ॅनिमिया'सारखं, आणि त्या आजारावर १९२६ साली बॉस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी उपाय शोधला होता: रोज भरपूर यकृत खायला घालणं. पण पर्निशस अ‍ॅनिमिया हा बहुधा उतारवयातल्या गोऱ्या लोकांचा आजार. मुंबईत तो ऐन विशीतल्या गरोदर बायकांना का व्हावा?

पहिला संशय जंतूंवर. हाफकिनसारख्या ठिकाणी तो साहजिकच होता, ती जागाच जंतूंची. विल्सनी जंतू शोधले, मल तपासला, आणि तो रस्ता बंद आहे असं दिसल्यावर त्या बायकांच्या घरांकडे वळल्या. या कामातले त्यांचे दोन सहकारी मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण विल्सवर लिहिणारे बहुतेक जण त्यांना गाळतात. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मधल्या मालिकेतला पहिला लेख विल्स आणि एम. एम. मेहता यांच्या नावावर आहे, दुसरा विल्स आणि एस. एन. तळपदे यांच्या. दुसऱ्याचा विषय मुंबईतल्या स्त्रियांचा आहार आणि राहणीमान. प्रयोगशाळेत बसून जे उत्तर मिळत नव्हतं ते स्वयंपाकघरात शोधायचं, तर तिथली भाषा आणि डाळ-तांदळाचा हिशेब कळणारं माणूस हवंच. तळपदे हे आडनाव वाचलं की मुंबईच्या कुठल्याही मराठी माणसाला ते घरचं वाटतं. गुगलनं २०१९ साली विल्सच्या जन्मदिवशी त्यांचं चित्र पहिल्या पानावर लावलं, ते योग्यच झालं. मेहता आणि तळपदे या नावांसाठी अजून जुने अंक उघडावे लागतात.

विल्सची गोष्ट सांगताना हल्ली सर्रास 'मुंबईच्या गिरणी-कामगार बायका' असं म्हटलं जातं. गिरणगावची मुलगी म्हणून मला ते ऐकायला बरं वाटतं, पण त्या पाहणीतून पुढे आलेलं चित्र जास्त नेमकं आहे. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांतल्या आणि वर्गांतल्या बायका काय खातात आणि कुणाला हा रक्तक्षय होतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा सगळ्यात वाईट अवस्था गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांची निघाली. त्यांचा आहार सगळ्यात निकृष्ट आणि आजारही त्यांच्यातच सगळ्यात जास्त. पालेभाजी, फळं, दूध हे ताटात येतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. धर्माचा इथे काही संबंध नाही, हे त्याच शहरातल्या खात्यापित्या मुस्लिम घरांकडे पाहिलं तरी कळतं. ताटाचा संबंध आहे. आणि ताटात सगळ्यात शेवटी कुणाच्या वाट्याला काय येतं, याचाही.

मग उंदीर. या बायकांसारखाच आहार उंदरांना दिला, तर त्यांनाही रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट घातलं की तो टळायचा. (उंदरांचे प्रयोग पुढे एका जंतुसंसर्गानं नासले, कारण तो जंतू स्वतःच रक्तक्षय घडवत होता. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही हे वाचून पोटात खड्डा पडेल.) मग माकडं. आणि माकडांच्या गोष्टीत येतं मार्माइट.

मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात तळाला उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला काळा, चिकट, खारट लेप. इंग्रज तो पावाला लावून खातात. कुणी आणला तर मुंबईत अजूनही घरातल्या निम्म्या माणसांना तो डांबरासारखा लागतो. विल्सच्या दृष्टीनं त्याचे दोन गुण होते: तो यकृताच्या अर्कापेक्षा पुष्कळ स्वस्त होता आणि बाटलीतून सरळ चमच्यानं देता येत होता. रक्तक्षय झालेल्या माकडाला मार्माइट दिलं, ते सुधारलं. मग बायकांना दिलं. काही दिवसांतच रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. २० जून १९३१च्या लेखात हेच होतं.

विल्स तिथे थांबल्या नाहीत, आणि खरी हुशारी मला पुढच्या पावलात दिसते. यकृताचा ओबडधोबड अर्क या बायकांना चालत होता. पण पर्निशस अ‍ॅनिमियासाठी जो शुद्ध करून करून टोचायचा अर्क बनवला होता, तो मात्र त्यांना चालत नव्हता. औषध जितकं शुद्ध तितकं निकामी! याचा अर्थ असा की यकृतात निदान दोन वेगवेगळे पदार्थ आहेत, आणि शुद्धीकरणात त्यातला एक गाळून फेकला जातोय. उरणारा पदार्थ म्हणजे आज आपण ज्याला बी-१२ म्हणतो तो. फेकला जाणारा, जो मार्माइटमध्ये भरपूर होता, त्याला काही वर्षं 'विल्स फॅक्टर' असंच म्हणत. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालक गाळून एक पदार्थ वेगळा केला गेला आणि पानावरून, म्हणजे 'फोलियम' या लॅटिन शब्दावरून, त्याला फॉलिक अ‍ॅसिड असं नाव पडलं. विल्स ज्याच्या मागावर होत्या तो पदार्थ हाच. मुंबईत पालकाची जुडी तेव्हाही मिळत होतीच, पण ती ज्यांना परवडत नव्हती त्यांचाच हा आजार होता.

आता थोडं फळ्यावरचं. डीएनएची चार अक्षरं आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात: ए, टी, जी, सी. आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतं. पेशीच्या दृष्टीनं यू आणि टी यांत फरक किती, तर एका कार्बनचा. यूवर एक कार्बन अणू चढवला की टी तयार होतं. हा एक कार्बन वाहून आणणारा हमाल म्हणजे फॉलेट. ए आणि जी बनवतानाही तो ओझी वाहतो, पण टीचं काम त्याच्यावाचून अडतंच. आणि टीची पाटी खाली टाकली की हा हमाल स्वतःच बिनकामाचा होतो. त्याला परत कामावर उभं करायला एक एन्झाइम लागतं, डायहायड्रोफॉलेट रिडक्टेज नावाचं. मुलांना हे नाव लिहायला जीवावर येतं म्हणून आम्ही नुसतं डीएचएफआर म्हणतो.

फॉलेट कमी पडलं की टी कमी पडतं. पेशी वाढत राहते, प्रथिनं बनवत राहते, फुगते, पण विभागणीची वेळ आली की डीएनएची दुसरी प्रत पुरी झालेली नसते. मोठ्या, अर्धवट पिकलेल्या पेशी, म्हणजे विल्सना दिसलेलं तेच चित्र. शरीरात ज्या ठिकाणी विभागणी सगळ्यात जोरात तिथे फटका सगळ्यात आधी. हाडांचा मगज सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करतो, म्हणून रक्त. आणि गर्भ वाढवायचा तर दिवसरात्र डीएनए लागणार, म्हणून गरोदर बाई.

ल्युकेमियाही त्याच मगजातला आजार. तिथे पांढऱ्या पेशींची एक शाखा थांबायचं विसरते. तिलाही प्रत्येक विभागणीला टी लागतं, म्हणजे फॉलेट लागतं. आज हे एका ओळीत लिहिता येतं. १९४०च्या दशकात मात्र ही ओळ उलटीकडून वाचली गेली, आणि त्याची किंमत काही मुलांनी मोजली.

इथे गोष्ट न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला, लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत जाते, आणि तिथे आपल्याला भेटतात येल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमचा हा तेलुगू मुलगा. त्याचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानं स्प्रू या आजारानं गेले. स्प्रूमध्ये आतडं अन्न शोषत नाही, माणूस झडत जातो, आणि रक्तात मोठ्या पेशींचा तोच रक्तक्षय दिसतो. मद्रास मेडिकल कॉलेजात सुब्बाराव गांधींच्या हाकेनुसार खादीचा कोट घालून शस्त्रक्रियागृहात गेले, तिथले इंग्रज प्राध्यापक रागावले, आणि त्यांना वरची पदवी न मिळता खालची एलएमएस मिळाली. पुढे हार्वर्डला फिस्क यांच्याबरोबर त्यांनी स्नायूंतल्या एटीपीवर काम केलं. १९४० साली लेडर्लेत गेले. त्यांच्या हाताखालच्या चमूनं १९४५ साली फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत बनवलं. भावांचा जीव ज्यानं वाचू शकला असता तो पदार्थ आता किलोच्या हिशेबानं तयार होऊ लागला. सुब्बाराव स्वतःविषयी फार बोलत नसत, त्यामुळे या योगायोगावर मी उगाच भावनिक रंग चढवत नाही.

बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. फॉलिक अ‍ॅसिडच्या कुळातल्या पदार्थांनी उंदरांच्या गाठी विरघळतात असं न्यूयॉर्कमधून छापून आलं होतं. तेव्हा लेडर्लेकडून असे पदार्थ घेऊन फार्बरनी ते कर्करोग झालेल्या मुलांना दिले. त्यांत ल्युकेमियाची मुलं होती. मगज तपासला तेव्हा ल्युकेमिया आणखी जोर धरतोय असं त्यांना वाटलं. उपाशी चोराला जेवू घातल्यासारखं झालं होतं. त्या काळी पालकांची संमती वगैरे आजच्यासारखी घेत नसत. हे प्रकरण वैद्यकाच्या इतिहासात 'निरीक्षण' म्हणून येतं. माझ्या मते त्याला निरीक्षण म्हणून मोकळं होता येत नाही. पण हेही खरं की त्यातूनच उलटा विचार सुचला: अन्नानं जर आजार वाढत असेल, तर अन्न तोडून पाहू.

सुब्बारावांच्या चमूनं फॉलिक अ‍ॅसिडचे तोतये बनवायला घेतले. रेणूत एका ठिकाणचा ऑक्सिजनचा गट काढून तिथे नायट्रोजनचा बसवला. बाकी सगळं तेच. हे झालं अमिनोप्टेरिन. डीएचएफआर फसतं, या तोतयाला कवटाळून बसतं आणि सोडत नाही, मग खऱ्या हमालाला परत कामावर उभं करायला कुणी उरत नाही. डिसेंबर १९४७ अखेर फार्बरनी ते दोन वर्षांच्या एका मुलाला टोचायला सुरुवात केली. काही दिवसांत त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या, फुगलेली प्लीहा उतरली, पोर उठून चालायला लागलं. ३ जून १९४८च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १६ मुलांचा अहवाल आला, त्यांतली १० सुधारली होती. सुधारणा टिकली नाही, महिन्यांत आजार परतला, तो दोन वर्षांचा मुलगाही त्याच वर्षी गेला. पण तोवर मुलांच्या ल्युकेमियानं कुठल्याही औषधापुढे अशी माघार घेतलेली नव्हती. दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८मध्ये, सुब्बाराव झोपेतच वारले. वय अवघं ५३. अमिनोप्टेरिनचा सौम्य भाऊ, मेथोट्रेक्सेट, पुढे त्याची जागा घेऊन बसला आणि अजून बसलेला आहे.

माझ्या आईला संधिवात आहे. तिच्या गोळ्यांच्या डबीत सोमवारच्या खणात मेथोट्रेक्सेट असतं, ल्युकेमियाच्या मानानं फार थोडं. मंगळवारनंतरच्या खणांत फॉलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी. एक दिवस हमालाला अडवायचं, बाकीचे दिवस त्याला खाऊपिऊ घालायचं. आईचा हिशेब सरळ आहे: "आधी मारायचं, मग मलम लावायचं." फॉलेटचं चक्र इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही. (ही दोन्ही औषधं तिच्यात नेमकं काय करतात याचं गणित कर्करोगापेक्षा वेगळं आहे, पण ते इथे नको.)

तर परत परळला. मेहेरबाई गेल्यावर वर्षाच्या आत, एप्रिल १९३२मध्ये, दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. मुख्य हेतू ल्युकेमिया आणि रक्ताच्या आजारांचं संशोधन, आणि तेही जगात कुठेही. १९३२ साली ल्युकेमियावर संशोधन म्हणजे जवळजवळ अंधारात पैसे टाकणं होतं. जूनमध्ये दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं पुढे परळला कर्करोगाचं हॉस्पिटल बांधलं. ज्युबिली हिरा विकून आलेला पैसाही त्या ट्रस्टकडे गेला होता. २८ फेब्रुवारी १९४१ला गव्हर्नर लम्ली यांच्या हस्ते टाटा मेमोरियल उघडलं.

तिथल्या प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकरांच्या हाती आल्या. मूळ गोमंतकीय, जन्म क्वेट्ट्याचा, भारतातल्या पॅथॉलॉजीचे पितामह म्हणावेत असे. १९५२ साली त्यांच्या पुढाकारानं तिथेच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. त्यांच्याच हाताखाली कमल रणदिवे तयार झाल्या, पुण्याच्या समर्थांच्या कमल. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेत वाढवायला शिकून आल्या आणि परळला देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग आणि ल्युकेमिया यांच्यासाठी उंदरांच्या खास जाती त्यांच्याकडे वाढवल्या गेल्या.

पण प्रयोगशाळेतून वॉर्डात यायला वेळ लागला. पाश्चात्त्य देशांत साठच्या दशकात तीन-चार औषधं एकत्र करून मुलांचा ल्युकेमिया खरोखर बरा होऊ लागला. भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाही २० टक्क्यांहून कमी मुलं वाचत होती. औषधं माहीत होती, तरी. १९८४ साली टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी (लहानपणी पोलिओ झालेले, आयुष्यभर चाकाच्या खुर्चीतून काम केलेले, देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट करणारे) आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे इयन मॅग्रॅथ यांनी मिळून एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धत सुरू केली. मुंबईत टाटा, मद्रासला कॅन्सर इन्स्टिट्यूट, दिल्लीला एम्स. तिन्हीकडे तीच औषधं, त्याच क्रमानं. मेथोट्रेक्सेट त्यात दोनदा येतं: पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीच्या पाण्यात, आणि नंतर महिनोन्‌महिने आठवड्यातून एकदा गोळी. १९९८पर्यंतच्या हजाराहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा केंद्रागणिक ४५ ते ६० टक्के रुग्ण चार वर्षांनंतर आजार न परतता जगत होते. कुठलंही नवं औषध न शोधता हे झालं होतं. वेळापत्रक पाळलं, इतकंच.

हे वेळापत्रक परळमध्ये एका अशा अडचणीशी येऊन थडकतं जी बॉस्टनमध्ये फारशी नव्हती. बिहारमधून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेलं मूल मुळातच कुपोषित असतं. पहिला पेच निदानाचाच. मूल पांढरंफटक, ताप, रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी. हे ल्युकेमियानंही होतं आणि फॉलेट किंवा बी-१२च्या कमतरतेनंही. भारतात अशा रक्तामागे पुष्कळदा नुसती कमतरताच निघते, आणि कमतरतेनं बिघडलेला मगज घाईत पाहिला तर ल्युकेमियाचा भास होऊ शकतो. म्हणजे मगजाचा नमुना काढणाऱ्या डॉक्टरच्या पुढे पहिल्याच दिवशी विल्सचा आजार आणि मेहेरबाईंचा आजार शेजारी शेजारी उभे असतात. एकाला गोळी द्यायची, दुसऱ्याची तोडायची.

ल्युकेमियाच निघाला तर दुसरा पेच. मेथोट्रेक्सेट निरोगी पेशींनाही अडवतं: तोंड सोलतं, आतडं सोलतं, मगज काही दिवस बंद पडतो. अंगात फॉलेटची शिल्लक असेल तर ती हा मार थोडा झेलते. ज्या मुलाच्या अंगात शिल्लकच नाही, त्याला मार जास्त बसतो अशी भीती, आणि उपचारांआधी फॉलेट कमी असलेल्या मुलांमध्ये गुंतागुंत जास्त दिसल्याची निरीक्षणं आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. मग गोळी द्यावी? पण १९४७ची बॉस्टनची मुलं डोळ्यांपुढे असतात. फॉलिक अ‍ॅसिड देऊन आपण कुणाला जेवू घालू, पोराला की आजाराला? म्हणून या उपचारांत त्या गोळ्या सरसकट देत नाहीत. अन्नातून मिळेल तेवढं मिळू द्यायचं, वजन वाढवायचं. टाटाला आहारतज्ज्ञ आणि जेवणाची सोय हा उपचाराचाच भाग धरावा लागला तो यामुळे. मला यात तळपद्यांची पाहणी परत आलेली दिसते: काय खाता, किती खाता, घरात किती माणसं?

यातली बरीच कुटुंबं दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतात. उपचार दोन-अडीच वर्षांचे, त्यामुळे पोरं तिथेच वाढतात, मराठी शिकतात. शेवटच्या टप्प्यात त्यांच्याकडे गोळ्यांची पुडी येते. मेथोट्रेक्सेटची गोळी रोजची नाही, आठवड्याची. रोज घेतली तर ती जीव घेते, आणि जगभर असे अपघात झालेले आहेत. आईबापांतल्या पुष्कळांना वाचता येत नाही. म्हणून वार ठरवून दिला जातो. मंगळवार म्हटलं तर मंगळवारच, संकष्टी असो की ईद. आणि चूक झालीच, किंवा मोठा डोस मुद्दामच द्यायचा असला, तर उतारा आहे: ल्युकोव्होरिन. तो फॉलेटचाच तयार प्रकार, ज्याला डीएचएफआरच्या फाटकातून जावं लागत नाही, मागच्या दारानं सरळ कामावर. मोठ्या डोसची सलाइन चढवली की घड्याळ लावून बसायचं, ठरलेल्या तासाला पहिलं इंजेक्शन, मग दर सहा तासांनी, रक्तातलं मेथोट्रेक्सेट मोजत मोजत ते उतरेपर्यंत.